लताच्या पत्त्यावर कोण?

१

"दुसऱ्या बाईच्या कामाची नक्कल करायची आणि वर तिचंच नाव सांगायचं, हे शोभत नाही तुम्हाला," असं अहमदाबादच्या गृहस्थांनी लताला सुनावलं आणि फोन ठेवून दिला.

लता रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राहिली. ज्या बाईची नक्कल केल्याचा ठपका तिच्यावर आला होता, त्या बाईचं नाव लता होतं. ती यावलची होती आणि केळीच्या धाग्याच्या वस्तू करायची. म्हणजे लताने लताची चोरी केली होती, आणि तसं म्हणणारा माणूस काही वेडा नव्हता.

इंदिराबाई समोरच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. यावलच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, लतालाही, आणि निवृत्त झाल्यावर जळगावात राहायला आल्या. भागाकार न जमणाऱ्या पोराला त्या पुन्हा पुन्हा, न कंटाळता समजावत. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना तेवढा धीर नसे. मूल चुकतं ते न कळल्यामुळे आणि मोठा माणूस चुकतो तो न विचारल्यामुळे, असं त्यांचं पक्कं मत होतं.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. रडायचं असेल तर नंतर रड."

लता रडली नाही. तिच्या वडिलांच्या, पितांबर महाजनांच्या बागेत घड कापून झाला की केळीचं खोड बांधावर फेकून देत. लहानपणापासून लता त्या खोडाची सोपटं सोलून त्यांतून धागा काढायची. पुढे त्याच धाग्याच्या पिशव्या, चटया, टोपल्या करू लागली. चिकाचे डाग पडून तिच्या ओढण्या कायमच्या तपकिरी झाल्या होत्या. जळगावात नव्या पेठेत बन्सीलालचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याने खानदेशातल्या कारागिरांसाठी एक वेबसाइट काढली, तेव्हा लतानेही तिथे आपलं पान केलं. ज्याला त्याला आपल्या नावाचा पत्ता मिळे. साइटचं नाव, पुढे एक तिरकी रेघ आणि रेघेपुढे आपण निवडलेलं नाव. तिने 'लता' निवडलं. पानाला निरोपाची पेटी होती. कोणीही त्या पत्त्यावर गेलं की तिची कामं बघू शके आणि पेटीत निरोप टाकू शके.

अहमदाबादच्या एका कलासंस्थेने असंच तिचं पान पाहिलं. एक वर्ष आमच्याकडे या, विद्यार्थ्यांना हा धागा काढायला शिकवा, असा निरोप आला. लताला आनंदाने झोप लागेना. तेवढ्यात तिचं लग्न झालं, धुळ्याच्या जीवराम पाटलांशी. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं. ती रेवती झाली.

"आणि अहमदाबादचे निरोप यायचे थांबले," लता म्हणाली. "म्हणून आज फोन केला, तर म्हणतात, लताबाई आमच्याशी रोज बोलतायत, त्या येणार आहेत. तुम्ही कोण रेवती? शनिवारी नाव पक्कं करणार आहेत, बाई."

इंदिराबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. लताच्या पत्त्यावरून उत्तरं जात होती आणि लता तर त्यांच्यासमोर बसली होती.

मग त्या पत्त्यावर कोण बसलं होतं?

२

बन्सीलाल हुशार पोरगा होता. पुण्याला शिकून आला होता आणि जळगावात इंटरनेट आलं, तेव्हा पहिल्या काही जणांत त्याने ते घेतलं होतं. मात्र आपल्याला सगळं कळतं याची त्याला फार खात्री होती. त्याने दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडून दाखवली.

जुन्या पत्त्यावर लताचं नाव होतं, लताचीच वाक्यं होती. 'माझ्या वडिलांच्या बागेत मी हे शिकले' हेसुद्धा जसंच्या तसं. नव्या पत्त्यावर, म्हणजे रेघेपुढे रेवती लिहिलं की, तेच पान पुन्हा, फक्त नाव रेवती पाटील.

"म्हणजे हिच्या पानाचं कुलूप कोणी फोडलं?" इंदिराबाईंनी विचारलं.

बन्सीलाल हसला. त्याच्या साइटचं कुलूप कोणी फोडू शकत नाही, असं त्याने ऐटीत सांगितलं. लताचं पान, तिचे फोटो, तिचा पासवर्ड, सगळं जागेवर होतं. फक्त त्याचं नाव बदलून रेवती झालं होतं. आणि एखाद्याने नाव बदललं की त्याच्या साइटवर जुनं नाव मोकळं व्हायचं. मग ते कोणीही घ्यावं. कोणीतरी ते घेतलं, नवं पान केलं आणि त्यावर लताचा मजकूर उतरवला.

"आणि लोकांना जुनाच पत्ता माहीत आहे. ते तिथेच येणार."

"येणार. त्याला मी काय करू? नावं काय कमी पडतील म्हणून अडवून ठेवायची? पहिला येईल त्याचं नाव. नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम."

इंदिराबाईंचे कान तापले. तरी त्या शाळेतल्या आवाजातच बोलल्या. त्यांच्या वर्गातलं एखादं पोर मधेच शाळा सोडून गेलं, तर त्याचा हजेरीचा क्रमांक त्या त्या वर्षी दुसऱ्या कोणाला देत नसत. दिला असता, तर गेलेल्या पोराचे मार्क नव्याच्या नावावर चढले असते. एवढं तिसरीच्या पोरांनाही समजायचं.

बन्सीलालने मान खाली घातली, पण पान काढायला तो तयार होईना. दोघीही म्हणतायत मी लता, त्याने कोणाचं ऐकायचं? पुरावा आणा, तो म्हणाला.

"बरं. हिचं नाव बदललं कोणी?"

"यांच्या मिस्टरांनी."

लताने चमकून वर पाहिलं. तिला हे माहीतच नव्हतं. लग्नानंतर रेशन कार्डावरचं नाव बदललं, बँकेतलं बदललं, तसं हेही परस्पर बदललं असेल, असं ती समजून होती. पान दाखवताना तिने एकदा नवऱ्याला पासवर्ड सांगितला होता, एवढं खरं.

बन्सीलालने सगळं आठवून सांगितलं. जीवरामराव लग्नानंतर लगेचच आले होते. याच खुर्चीत बसून त्यांनी नवं नाव टाकलं आणि स्क्रीनवर सूचना आली की जुनं नाव आता मोकळं आहे. त्या वेळी खोलीत चौघेच होते. बन्सीलाल स्वतः, जीवराम, त्यांच्यासोबत आलेले त्यांचे मोठे भाऊ रतिलाल, आणि मागच्या मशीनवर शिकत असलेल्या राजकुंवरभाभी. चौघांनीही ती सूचना वाचली होती. आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या नावावर नवं पान उभं राहिलं होतं.

इंदिराबाईंनी मनातल्या मनात फळा पुसला आणि त्यावर चार नावं लिहिली. कोणी वाटसरू चुकून त्या मोकळ्या नावाशी आला असता, तर त्याने त्यावर आपलं स्वतःचं पान केलं असतं. इथे आलेल्याला लताचं नाव, लताचं काम आणि लताचं निमंत्रण तिन्ही हवं होतं. जागा रिकामी झाली हे त्याला झाल्या क्षणी कळलं होतं.

"बाई," लता एकदम म्हणाली. तिचं बोट स्क्रीनवर टेकलं होतं. "हा दिवा बघा. हा फोटो माझा नाही."

३

जुन्या पत्त्यावरच्या त्या पानावर एक फोटो जास्तीचा होता. केळीच्या धाग्याच्या जाळीचा गोल टांगता दिवा. आतून उजेड आल्याने मागच्या भिंतीवर जाळीची नक्षी उमटली होती.

तो दिवा लताने आपल्या पानावर कधी टाकलाच नव्हता. तो तिने रुखवतासाठी केला होता. लग्नात नवरीच्या हातच्या वस्तू मांडवात टेबलावर मांडतात आणि लग्नानंतर त्या तिच्याबरोबर सासरी जातात, तो रुखवत. तो दिवा लग्नाला आलेल्यांखेरीज किंवा धुळ्याच्या घरी गेलेल्यांखेरीज कोणी पाहिलेला नव्हता.

बन्सीलाल लग्नाला नव्हता. तो तेव्हा मामाच्या घरी राजस्थानात गेला होता आणि धुळ्याला तर कधी पाटलांच्या घरी गेलाच नव्हता. शिवाय सगळी साइट ज्याच्या हातात आहे, त्याला एका पत्त्यासाठी दुसऱ्याच्या नावाने पान करत बसायची गरज काय होती? इंदिराबाईंनी फळ्यावरचं एक नाव पुसलं.

राजकुंवर मात्र लग्नाला होती आणि गळ्यात कॅमेरा अडकवून होती. केवलचंद शेठच्या भेटवस्तूंच्या दुकानात ही त्यांची थोरली सून बसायची आणि लताच्या पिशव्या तिथेच विकल्या जात. दोघी दुकानात शिरल्या, तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला पितळी समई दाखवत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत इंदिराबाई थांबल्या आणि मग सरळ विचारलं.

राजकुंवर संतापली. लग्न झाल्यापासून लताने एक पिशवी पाठवली नाही, साधा निरोप नाही, आणि आता चोर म्हणून दारात आली, असं ती फणकाऱ्याने म्हणाली. "माझ्या दुकानाचं पान मी माझ्या नावाने करतेय. मला हिचं उष्टं कशाला?"

"भाभी, मी पाठवणार होते, पण तिकडे..." लता अडखळली.

"तिकडे काय? सासरी धागा मिळत नाही, की हात बांधून ठेवलेत?"

लता गप्प बसली. त्या गप्प बसण्याने राजकुंवरचा राग जरा उतरला. तिने आत जाऊन लग्नाचे फोटो आणले आणि काउंटरवर आपटले. इंदिराबाईंनी रुखवताचा फोटो उचलला. टेबलावर सुपारीचे भटजी होते, लोकरीची बाग होती आणि मधोमध तोच दिवा होता. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"लता, मांडवात हा दिवा लागलेला नव्हता?"

"कसा लागेल? त्यात होल्डर नव्हता, वायर नव्हती. नुसती जाळी होती. ते सासरी गेल्यावर बसवू, असं ठरलं होतं."

"आणि त्या पानावर तो लागलेला आहे. भिंतीवर नक्षी पडली आहे."

म्हणजे तो फोटो मांडवातला नव्हताच. वायर बसवल्यानंतर, धुळ्याच्या घरात तो काढलेला होता. राजकुंवर धुळ्याला गेली नव्हती. तिचंही नाव पुसलं गेलं.

"वायर कोणी बसवली?" इंदिराबाईंनी विचारलं.

लताचा चेहरा उतरला.

"यांनी," ती म्हणाली.

४

धुळ्याची एसटी पारोळ्याला थांबली, तरी लता खिडकीबाहेर बघत होती. इंदिराबाईंनी तिला बोलतं केलं नाही. एकाच घरात राहायचं, त्याच माणसाच्या ताटात वाढायचं आणि आपलं नाव त्यानेच चोरलं असेल का, हा विचार डोक्यात घेऊन प्रवास करायचा. असल्या वेळी धीर देणारं बोलणं कुचकामी असतं, हे त्या जाणून होत्या.

जीवराम स्टँडवर घ्यायला आला होता. सरकारी कचेरीत नोकरीला असलेला, सरळ नाकाचा, घाईघाईने बोलणारा तरुण. बायकोचा चेहरा बघून तो घाबरला. इंदिराबाईंनी त्याला स्टँडवरच्या बाकावर बसवलं आणि नाव का बदललंस म्हणून विचारलं.

त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. रेशन कार्ड बदललं, बँक बदलली, मग हे एक राहिलं होतं. तिला न सांगता करून टाकावं, म्हणजे तिला आनंद होईल. लग्नाची भेट म्हणून केलं, तो म्हणाला.

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात, बाई? नाव तर बदललंच होतं."

"तांदळात लिहिताना विचारलं होतं?"

जीवराम लताकडे बघू लागला. लता त्याच्याकडे बघत नव्हती.

इंदिराबाईंना त्याला फोडून काढावंसं वाटलं. पण रागातही त्यांचं गणित चालूच होतं, आणि ते गणित जीवरामच्या बाजूने होतं. या पोराजवळ लताच्या पानाचा पासवर्ड होता. त्याला तिचं निमंत्रण लाटायचं असतं, तर त्याने सरळ तिच्या पानात शिरून हवं ते केलं असतं. नाव बदलायचं, जुनं मोकळं करायचं, मग बाहेरून येऊन ते नव्याने घ्यायचं आणि सगळा मजकूर परत उतरवायचा, एवढा द्राविडी प्राणायाम तो कशाला करील? ज्याच्या कमरेला घराची किल्ली आहे, तो भिंतीला भोक पाडत नाही. ते पान करणाऱ्याजवळ किल्ली नव्हती.

"दिवा घरात कुठे लावलाय?"

"पुढच्या खोलीत. रोज लागतो. येणारे-जाणारे सगळे बघतात."

फळ्यावर एकच नाव उरलं होतं. इंदिराबाईंनी ते उच्चारलं नाही. उठून पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल, तुझ्या घरी चहा पाज."

५

पाटलांच्या पुढच्या खोलीत तो दिवा खरंच लागलेला होता. संध्याकाळ होत आली होती आणि भिंतीवर जाळीची नक्षी पडली होती, अगदी त्या फोटोतल्यासारखी.

रतिलालभाऊंनी स्वागत मोठं केलं. दोंडाईच्याला त्यांची महिलांची हस्तकला संस्था होती आणि गळ्याभोवती उपरणं टाकून ते सतत तिच्याविषयी बोलत. लताची सासू कौतिकबाई पाटावर बसून होती. रतिलालची बायको कुंदाबाई चहाचे कप घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. इंदिराबाईंनी सगळी हकीकत सांगितली तशी रतिलालभाऊ हळहळले. फार वाईट झालं, ते म्हणाले, पण हे पत्ते-बित्ते आपल्याला काही समजत नाहीत.

"समजत नसेल, तर मी समजावते," इंदिराबाई म्हणाल्या. "मला सवय आहे."

मग त्यांनी पोरांना गणित सोडवून दाखवावं तसं एकेक पायरी मांडली. पान फोडलेलं नाही, फक्त जागा मोकळी झाली. मोकळी झाली हे चौघांनी पाहिलं. त्यांतल्या बन्सीलालला दिवा माहीत नव्हता. राजकुंवरने तो पाहिला, पण विझलेला. जीवरामजवळ किल्ली होती, त्याला चोरवाटेची गरज नव्हती.

"आता चारातून तीन गेले. वजाबाकी तुम्ही करा, रतिलालभाऊ."

रतिलालभाऊ हसले, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. हा सगळा अंदाज आहे, ते म्हणाले, आणि घरातल्या मोठ्या माणसावर असा आळ घ्यायला बाहेरच्या बाईने येणं बरं दिसत नाही. शिवाय लता म्हणून अहमदाबादला जाणार कोण? ते काय साडी नेसून जाणार होते?

इंदिराबाईंनी दाराकडे पाहिलं. कुंदाबाई रिकामं ताट पोटाशी धरून नवऱ्याकडे बघत होती.

"कुंदाबाई, तुम्हाला केळीचा धागा काढता येतो का हो?"

"नाही येत," कुंदाबाई म्हणाली. आणि मग तिला जणू थांबताच येईना. "मी सांगितलं होतं यांना, मला येत नाही. म्हणाले, तिथे गेल्यावर फक्त नाव लता सांगायचं. लता इथे बसून वस्तू करेल, तू तिथे दाखवायच्या. बोलायचं ते मी बोलेन. मी नको म्हटलं, तर म्हणाले, नवी सून एकटी वर्षभर बाहेर राहिली तर चालेल का तुला? तुझ्यासोबत तर मी असेन."

जीवराम उठून उभा राहिला. "भाऊ?"

रतिलालभाऊंनी उपरणं झटकलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, तेव्हा त्यांनी आवाज चढवला. चोरी कसली? काम घरातच राहिलं असतं, मान घराण्याला मिळाला असता, संस्थेचं नाव झालं असतं. आणि नाव म्हणाल तर ते कोणाचं होतं?

"तिने टाकलेलं नाव होतं ते. रेवती झाली, लता संपली. रस्त्यावर पडलेली वस्तू उचलली, तर चोरी होते का?"

"मी टाकलं नव्हतं," लता म्हणाली.

इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण रतिलालभाऊंच्या तोंडातलं पुढचं वाक्य तिथेच राहिलं.

"मला कोणी विचारलं होतं का? तांदळात लिहिलंत, मी हसले, कारण फोटो काढत होते. रेशन कार्ड बदललंत, मी गप्प बसले. यांनी पत्ता बदलला आणि भेट दिली म्हणाले. तुम्ही उचललंत आणि पडलं होतं म्हणता. माझ्या हातात होतं ते, भाऊजी. प्रत्येकाने एकेक बोट सोडवलंत."

कौतिकबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "बठ्ठ्या बायास्नं नाव बदलस, बेटा. मनंबी बदलेल शे."

"सगळ्यांचं बदलतं, तुमचंही बदललं. मग आधी काय होतं तुमचं नाव, आई?"

सासू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. घरातल्या कोणालाच ते नाव ठाऊक नव्हतं, तिच्या मुलांनाही नाही. ती भिंतीवरच्या नक्षीकडे बघत होती, जणू तिथून कोणी सांगेल. जीवरामने आईकडे पाहिलं आणि त्याची नजर आपोआप खाली गेली.

इंदिराबाईंना राग खूप होता. रतिलालवर होताच. पण त्याहून मोठा राग कोणावर करावा, हे त्यांना समजेना.

६

जीवराम आपल्या मोठ्या भावासमोर हात पुढे करून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्याच्याशी त्या स्वरात बोलला असेल. त्या पानाचा पासवर्ड आत्ता सांगा, नाहीतर मी बायकोला घेऊन या घरातून निघतो, एवढंच तो म्हणाला. रतिलालभाऊंनी आधी घराण्याच्या अब्रूचा विषय काढला, मग आईकडे पाहिलं. कौतिकबाई म्हणाल्या, "दी दे, रतिलाल." त्यांनी पासवर्ड दिला.

जळगावला बन्सीलालच्या क्लासमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे जमले. रतिलालचं पान काढून टाकायला बन्सीलालला क्षणभर लागला. जीवरामने बायकोपुढे खुर्ची सरकवली आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभा राहिला. त्या रात्री धुळ्याच्या घरात त्या दोघांत काय बोलणं झालं, ते इंदिराबाईंनी विचारलं नाही. लताचा राग उतरलेला नव्हता, हे दिसत होतं. उतरायची घाईही नव्हती.

बन्सीलालने विचारलं, रेघेपुढे काय टाकू? लताने त्याचा हात की-बोर्डवरून बाजूला केला आणि स्वतः दोनच अक्षरं टाकली.

इंदिराबाईंनी मग बन्सीलालला बसवून घेतलं. एकदा कोणाला दिलेलं नाव पुन्हा दुसऱ्याला द्यायचं नाही, माणूस नाव बदलो, गावाला जावो की साइट सोडो. आणि पासवर्ड असो वा नसो, बाईचं नाव बदलायला कोणी आलं तर तिला स्वतःला विचारल्याशिवाय बदलायचं नाही. बन्सीलाल म्हणाला की यासाठी सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागेल. "मग लिही," त्या म्हणाल्या. "पोरं नापास झाली की वर्ष पुन्हा करतात. तुला तर एक आठवडाच लागेल."

मग अहमदाबादला फोन लावला. तेच गृहस्थ होते. लताने शांतपणे सगळं सांगितलं. धागा सोपटाच्या कोणत्या थरातून काढायचा, आतल्या थराचा धागा मऊ का येतो, चिक कसा धुवायचा, हे त्यांनी विचारलं आणि तिने सांगितलं. राग आला असूनही ती उत्तरं देत होती, एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखी, हे इंदिराबाईंनी पाहिलं. बोलणं लांबलं. शेवटी त्यांचा आवाज नरमला असावा, कारण लताची मूठ सैल झाली. वर्गाच्या तारखा ती लगेच तिथे पडलेल्या कागदावर लिहू लागली.

"पण एक सांगा," त्यांनी विचारलं असावं. "परवा ज्यांनी फोन केला होता, त्या रेवतीबाई कोण?"

लता भिंतीजवळ उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळून बघत बोलली.

"ती मीच होते, सर. मला न विचारता केलेली."